केसपेपरवर न लिहिलेला आजार

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहराचे शल्यविशारद रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांना जग 'डॉ. बॉब' म्हणून ओळखते. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या मद्यासक्तांच्या संघटनेचे ते सहसंस्थापक. उमेदीची वर्षे त्यांनी स्वतःचे व्यसन लपवण्यात घालवली आणि अखेरची १५ वर्षे रुग्णालयांतील व्यसनी रुग्ण शोधण्यात.

व्हर्मॉन्टमधील सेंट जॉन्सबरी येथे ८ ऑगस्ट १८७९ रोजी एका न्यायाधीशाच्या घरी त्यांचा जन्म झाला. डार्टमथ महाविद्यालयातच दारूची संगत जडली. त्यामुळे वैद्यकीय शिक्षण रखडले. पदवी हाती पडली ती १९१० मध्ये. पुढे अ‍ॅक्रनमध्ये व्यवसाय सुरू झाला, १९१५ मध्ये अ‍ॅन यांच्याशी विवाहही झाला. मात्र दिवसा हात थरथरू नयेत म्हणून गुंगीची औषधे आणि संध्याकाळी दारू, हे चक्र सुमारे १७ वर्षे चालले. १९२० मध्ये देशात दारूबंदी आली, पण डॉक्टरांना औषधासाठी मद्यार्क मिळतच होता! घरी बाटल्या कोळशाच्या ढिगातही दडवल्या जात. अनेकदा उपचार झाले, व्यसन सुटले नाही.

१२ मे १९३५ रोजी न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे दलाल त्यांना भेटले. ते स्वतः दारूच्या विळख्यातून नुकतेच बाहेर पडलेले. पंधरा मिनिटांत उठायचे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. नंतर एकदा पाय घसरलाच. १० जून रोजी शस्त्रक्रिया करायची होती आणि हात कापत होते; विल्सन यांनीच थोडी बिअर पाजून त्यांना रुग्णालयात सोडले. तो त्यांचा अखेरचा घोट.

त्याच महिन्यात दोघांनी अ‍ॅक्रन सिटी हॉस्पिटलमध्ये चौकशी केली, तेव्हा परिचारिकेला रुग्ण आठवायला वेळ लागला नाही. एक वकील वारंवार दाखल होत होता. परिचारिकांवर हात उगारल्याने त्याला खाटेला बांधले होते. तो संघटनेचा तिसरा सदस्य ठरला.

खरी अडचण रुग्णालयांची होती. दारुड्याला खाट द्यायला ती राजी नसत. त्यामुळे हे रुग्ण दुसऱ्याच आजाराच्या नावाने आत येत. ऑगस्ट १९३९ मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलच्या दाखल विभागातील सिस्टर इग्नेशिया यांच्या मदतीने डॉ. बॉब यांनी तीच वाट धरली आणि एका मद्यासक्ताला जठरदाहाच्या नोंदीवर दाखल केले. खोटी म्हणावी तर ही नोंद अगदीच खोटी नव्हती. अतिमद्यपानाने जठराला सूज येतेच. व्यसनमुक्त झालेल्यांना त्याच्याशी निवांत बोलता यावे म्हणून खाट हलवली गेली ती फुले ठेवण्याच्या खोलीत. पुढे तेथे अशा रुग्णांसाठी उघडपणे स्वतंत्र कक्ष झाला.

संघटनेच्या नोंदींनुसार डॉ. बॉब यांनी सुमारे ५ हजार मद्यासक्तांवर विनामूल्य उपचार केले. १९४९ मध्ये अ‍ॅन गेल्या. १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने त्यांचेही निधन झाले. मद्यासक्तांना सर्वसाधारण रुग्णालयांनी इतर रुग्णांसारखेच दाखल करून घ्यावे, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जाहीर केले ते १९५६ मध्ये.