युलियस फॉन साक्स

युलियस फॉन साक्स (२ ऑक्टोबर, इ.स. १८३२ – २९ मे, इ.स. १८९७) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रायोगिक वनस्पती-शरीरक्रियाविज्ञानाचे ते एक संस्थापक मानले जातात.

जीवन

साक्स यांचा जन्म ब्रेस्लाउ (सध्याचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे एका उत्कीर्णकाराच्या घरी झाला. चित्रकलेचे धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. किशोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपल्याने त्यांना शाळा सोडावी लागली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी त्यांना प्राग येथे साहाय्यक म्हणून नेले, तेथेच इ.स. १८५६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. इ.स. १८६१ पासून ते बॉनजवळील पोपेल्सडॉर्फच्या कृषी अकादमीत होते, तर इ.स. १८६८ पासून अखेरपर्यंत वुर्ट्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते.

कार्य

मातीविना, केवळ क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. हरितलवकांतील स्टार्च प्रकाशावर अवलंबून असतो, हेही त्यांनी दाखवले. नॅस्टर्शियमच्या वेलीचा शेंडा अंधाऱ्या पेटीत आणि खालची पाने उजेडात ठेवली, तरी शेंड्याला फुले येतात, असे त्यांना आढळले. यावरून फुले घडवणारे काहीतरी पानांतून शेंड्याकडे जात असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इ.स. १८८० ते १८८२ या काळात त्यांनी ही कल्पना विस्तारली: प्रत्येक अवयवाच्या निर्मितीमागे विशिष्ट द्रव्य असते व ते अत्यल्प प्रमाणातही परिणाम घडवते.

डार्विनशी वाद

याच सुमारास चार्ल्स डार्विन यांनी मुळाचे व अंकुराचे टोक संवेदनशील असून तेथून वाढीच्या भागाकडे प्रभाव जातो, असे प्रतिपादन केले. वास्तविक, डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी साक्स यांच्याच प्रयोगशाळेत काम केले होते. तरीही साक्स यांनी हे प्रयोग हौशी ठरवून कठोर शब्दांत धुडकावले. त्यांची ही टीका अन्यायकारक होती.

पुढील काळ

इ.स. १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या अंकुराच्या टोकातून पाझरणारे वृद्धिद्रव्य अगारच्या तुकड्यात गोळा केले, हेच ऑक्सिन. डार्विन यांचा प्रवाही प्रभाव आणि साक्स यांचे रासायनिक द्रव्य येथे एकत्र आले. मात्र प्रत्येक अवयवासाठी स्वतंत्र द्रव्य, हा साक्स यांचा तर्क टिकला नाही. तंबाखूच्या ऊतीवरील प्रयोगांतून इ.स. १९५७ मध्ये स्कूग व मिलर यांनी दाखवले, की ऑक्सिन व सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मूळ फुटेल की पानांसह कोंब, हे ठरते. टोमॅटोच्या शेंड्यात ऑक्सिनचे वहन रोखल्यास नवी पाने येणे थांबते आणि तेथे बाहेरून ऑक्सिन लावल्यास पुन्हा पान उगवते, असे इ.स. २००० मध्ये दिसून आले.