सेवकाचा शीण : पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे एक दृष्टिक्षेप

आपल्यापैकी कोणी वाराणसीस गेला असेल, तर त्याने मुन्शी घाट पाहिला असेल. एका बाजूस अहल्याबाई घाट व दुसऱ्या बाजूस दरभंगा घाट, यांच्यामध्ये तो आहे. नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव त्यास लाभले आहे. भाषांतराच्या कामानिमित्त त्या नगरीत गेलो असता एका संध्याकाळी मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो. सोबत निराधार विधवांच्या आश्रमात अनेक वर्षे सेवा करणाऱ्या एक मराठी भगिनी होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की पूर्वी एखादी वृद्धा मरण पावली तर त्यांना रात्रभर झोप येत नसे. आता त्या केवळ नोंदवहीत तारीख लिहितात. आपले अंतःकरण मेले आहे की काय, अशी भीती त्यांना वाटत होती. रजा मागण्याचीही त्यांना लाज वाटे, कारण भुकेल्यांना व आजाऱ्यांना रजा नसते.

या अवस्थेस आज बर्नआउट असे नाव आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, मोफत दवाखान्यात स्वेच्छेने राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे पाहून, त्याविषयी प्रथम लिहिले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही साधत नाही अशी भावना. संघटना त्यास आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्याचा तो परिणाम होय, असे ती म्हणते. दोष केवळ थकणाऱ्याच्या दुबळेपणाचा नसून कामाच्या रचनेचाही असतो, हे यातून ध्यानात यावे.

त्या भगिनींना काय उत्तर द्यावे हे मला तेथे सुचले नाही. परतीच्या प्रवासात मात्र पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा पुन्हा आठवू लागले. वाराणसीत वाढलेले नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा रमाबाईंच्या ख्रिस्ती विश्वासावर मोठा प्रभाव पडला. पुढे तीर्थक्षेत्रांतील विधवांची दशा पाहण्यासाठी त्या वेष बदलून वृंदावनातही गेल्या होत्या. परंतु मला त्या आठवल्या त्या सेवेच्या ओझ्याखाली चाळीस वर्षे चाललेली एक स्त्री म्हणून.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब दक्षिणेत हिंडले. दुष्काळाने ते मोडले. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास व रमा शेकडो कोस पायी चालून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे तिच्या विद्वत्तेचा गौरव पंडिता व सरस्वती या पदव्यांनी झाला. पण १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. मागे उरली ती तेवीस वर्षांची विधवा व कडेवर मनोरमा ही चिमुकली मुलगी.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणशक्ती मंदावल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून मोठे वादळ उठले. सल्लागार दूर झाले आणि अनेक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. एकदा उभारलेले मोडताना पाहणे हाही सेवकाच्या शिणाचा एक मोठा भाग असतो.

खरी कसोटी १८९६ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातील उपाशी मुलींची वार्ता कानी येताच स्वतःच्या बालपणीची भूक त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. वाचकहो, याचा विचार करा. ज्या जखमेतून आपण कसेबसे वाचलो, तीच जखम शेकडो देहांवर पुन्हा पाहावयाची, हे साधे काम नव्हे. त्यांनी मदतछावण्या पाहिल्या, त्यांतील अनाचार पाहिला आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली व मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथील शेतजमिनीवर झोपड्या व मांडव उभे राहिले. हीच मुक्ती सदनाची सुरुवात. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि तेथील वस्ती दीड हजारांच्या वर गेली. आलेल्यांपैकी कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की अन्न पुढे असूनही त्या वाचल्या नाहीत.

अशा ओझ्याखाली रमाबाई कोसळल्या कशा नाहीत? त्यांच्या असामान्य प्रकृतीकडे किंवा केवळ त्यांच्या विश्वासाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. त्यांचा विश्वास मोठा होता हे खरेच. पण त्या विश्वासाने त्यांना काम वाटून देण्याचा नम्रपणाही दिला होता. पुण्यातील काम त्यांनी सुंदराबाई पवार यांच्यावर सोपविले. १८९८ साली त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा केडगावचा भार मिनी अब्राम्स यांनी वाहिला. विशेष हे, की वाचविलेल्या मुलींनाच त्यांनी पुढे इतरांची काळजी घेण्यास शिकविले. सेवा घेणारी सेवा देणारी झाली. शेती, गुरे, विणकाम व छापखाना ही कामे विभागली गेली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तीमय सदन असे स्वतंत्र विभाग झाले. पहाटेची प्रार्थना त्यांनी कामाच्या धबडग्यात बुडू दिली नाही. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. भाषांतर हे विश्रांतीचे काम नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो. तरीही एका शब्दापाशी तासभर थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात मन स्थिर होते.

परंतु हे चरित्र येथेच थांबविले तर ते अर्धसत्य होईल. मनोरमाबाईंकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परदेशात शिकून ही कन्या आईच्या मदतीस परत आली. अंधांसाठीची ब्रेल लिपी तिने आत्मसात केली व त्या मुलींना शिकविली. ती शाळा पाहत असे, पत्रव्यवहार सांभाळत असे. निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथेही तिने शिक्षणाचे काम उभे केले. आईची श्रवणशक्ती क्षीण होत गेली तसतसे कामाचे अधिकाधिक ओझे कन्येच्या खांद्यावर आले. हृदय दुर्बळ झाले. जुलै १९२१ मध्ये मिरजेस, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ती प्रभूकडे गेली. आईनंतर संस्था सांभाळील अशी सर्वांची अपेक्षा होती, ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी उरलेले बळ भाषांतराच्या मुद्रितांवर वेचले व ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही विसावल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मनोरमाबाईंचा आजार केवळ श्रमामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. तेवढे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एक प्रश्न आपण स्वतःस विचारलाच पाहिजे. आपल्या मंडळ्या व संस्था सेवकाच्या त्यागाची स्तुती करतात, त्याच्या निधनानंतर स्मरणसभा भरवितात. तो जिवंत असताना त्याच्या हातातील दोन कामे काढून घेणारे किती असतात?

जुन्या करारात एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्यास प्रथम उपदेश करीत नाही. आधी झोप, मग भाकर व पाणी, पुन्हा झोप, पुन्हा अन्न; प्रश्न विचारला जातो तो पुष्कळ दिवसांनी, डोंगरावर. मोशे दिवसभर एकटाच न्याय करीत बसला, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, ते काम बरे नाही असे सुनावले. कारण त्यात मोशेही झिजेल व लोकही. आणि शिष्यांना जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा लोकांची गर्दी समोर असतानाही आपल्या प्रभूने त्यांना एकांती नेले. दुःखी लोक तेव्हाही संपले नव्हते.

त्या भगिनींना मी नंतर पत्र लिहिले. त्यांचे अंतःकरण मेलेले नाही, कारण मेलेल्या अंतःकरणास आपल्या मरणाची भीती वाटत नाही. ते थकले आहे, एवढेच. एक महिना रजा घ्यावी, नोंदवही दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी, आणि मनातील भार एखाद्या विश्वासू व्यक्तीजवळ व गरज वाटल्यास डॉक्टरांजवळ मोकळा करावा, असे मी सुचविले. आश्रमाच्या चालकांनाही हे दाखवावे, असेही लिहिले.

वाचकहो, घाट बांधणारे पायऱ्या एकसलग बांधीत नाहीत; मध्ये मध्ये रुंद फरसबंद टप्पे ठेवतात. वृद्ध माणूस तेथे दम घेतो, म्हणूनच वर चढू शकतो. आपल्या मंडळीत, आपल्या शेजारच्या दवाखान्यात, पूर वा भूकंपानंतर धावून जाणाऱ्या तरुणांत असा कोणी थकलेला सेवक असेल. या आठवड्यात त्याच्या घरी जा. त्याच्याकडे काही मागू नका. त्याचे एखादे काम उचलून घ्या. रमाबाईंच्या स्मृतीस, आणि तितकेच मनोरमाबाईंच्या स्मृतीस, ते योग्य अभिवादन होईल.