हायडेलबर्गचा विद्यार्थी

होझे रिझाल याचा जन्म इ. स. १८६१ मध्ये फिलिपाईन्स बेटांत झाला. त्या वेळी तेथे स्पेनचे राज्य होते. आईची दृष्टी मंदावत चाललेली पाहून त्याने नेत्रवैद्य होण्याचे ठरविले. १८८२ साली तो युरोपात गेला आणि १८८६ च्या प्रारंभी जर्मनीतील हायडेलबर्ग येथील इस्पितळात काम शिकू लागला.

सवड मिळताच तो नेकार नदीच्या काठाने, डोंगरवाटांनी हिंडत असे. वसंतातील रानफुले पाहून त्याला घराची फार आठवण आली. फुलांना उद्देशून त्याने एक कविता रचली. फुलांचा रंग मायदेशी पोहोचेल, पण गंध मागेच राहील, अशी खंत तीत आहे.

अशाच एका भटकंतीत त्याला कार्ल उल्मर हे धर्मोपदेशक भेटले. रिझालची जर्मन भाषा अजून अडखळत होती. दोघांचे पंथही निराळे. तरी उल्मरांनी त्याला विल्हेल्म्सफेल्ड या डोंगरातील गावी आपल्या घरी राहावयास बोलाविले. परक्या देशाच्या तरुणाला घरात ठेवून घेणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे! त्या घरी राहून त्याने आपली भाषा सुधारली आणि स्वदेशातील अन्यायाचे चित्र रेखाटणाऱ्या कादंबरीची अखेरची प्रकरणे लिहिली.

१८८७ साली ती बर्लिन येथे छापली गेली. स्पॅनिश सत्ताधीशांचा रोष ओढवला. पुढे रिझालने आईच्या डोळ्यांवर स्वतः शस्त्रक्रिया केली. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

विल्हेल्म्सफेल्ड येथे आज त्याचा पुतळा उभा आहे.