क्लिओपात्रा : सौंदर्याच्या पलीकडची राणी

क्लिओपात्रा म्हटलं की काय आठवतं? सौंदर्य, दुधाची आंघोळ आणि शेवटी साप! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला ती आधी शेक्सपियरच्या नाटकात भेटली, तीही प्रेमात बुडालेली. पण नंतर तिच्याबद्दल वाचत गेले आणि समोर आली ती एक मुरलेली राज्यकर्ती.

तिचा जन्म इ.स.पू. ६९ चा. घराणं मूळचं मॅसिडोनियाचं, घरात बोली ग्रीक. या टॉलेमी राजांनी जवळजवळ अडीचशे वर्षं इजिप्तवर राज्य केलं, पण प्रजेची भाषा शिकायचे कष्ट काही घेतले नाहीत. ती शिकली क्लिओपात्रा, असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. इंग्रजीत वाढलेल्या मला तिची हीच गोष्ट सर्वात जास्त भावली.

इ.स.पू. ५१ मध्ये वडील वारले तेव्हा ती १८ वर्षांची, म्हणजे आपल्या एफ.ई.च्या मुलींएवढी! जोडीला राजा म्हणून दहा वर्षांचा भाऊ. त्याच्या सल्लागारांनी तिला देशाबाहेर घालवलं. ती रडत बसली नाही. सीरियात फौज उभी करून ती थेट सरहद्दीवर परतली. इ.स.पू. ४८ मध्ये रोमचा सीझर अलेक्झांड्रियात आला. त्याला तिने आपल्या बाजूला वळवलं. पुढच्या युद्धात भाऊ नाईल नदीत बुडाला आणि गादी तिच्याकडे आली.

इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला आणि तिचा आधार गेला. त्यातच नाईलला दोन वर्षं नीट पूर आला नाही, दुष्काळ पडला. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याचा संबंध इ.स.पू. ४३ मध्ये अलास्कात झालेल्या ओकमॉक ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जोडला आहे! अशा काळात तिने राज्य सावरलं. शेती करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या नागरिकांकडून जादा वसुली करू नये, असं तिचं इ.स.पू. ४१ चं फर्मान आजही उपलब्ध आहे.

त्याच वर्षी तिची अँटनीशी भेट झाली. हे नुसतं प्रेमप्रकरण नव्हतं. त्याला युद्धासाठी पैसा हवा होता, तिला घराण्याचे गमावलेले प्रदेश. पुढे रोमच्या ऑक्टेवियनने इ.स.पू. ३२ मध्ये युद्ध पुकारलं, ते अँटनीविरुद्ध नव्हे, फक्त तिच्याविरुद्ध! कारण रोमन माणसाशी लढण्यापेक्षा परक्या राणीशी लढणं लोकांना पटवणं सोपं होतं.

२ सप्टेंबर, इ.स.पू. ३१. ग्रीसजवळ ॲक्टियमच्या समुद्रात तिची ६० जहाजं शत्रूच्या रांगेतून निसटली. लोक म्हणाले, बाई घाबरून पळाली. पण लढाईच्या वेळी सहसा जहाजावर शिडं ठेवत नसत, आणि त्या दिवशी ती मुद्दाम घेतलेली होती. म्हणून कोंडी फोडून निघण्याचा बेत आधीच ठरला असावा, असं अनेक इतिहासकारांना वाटतं.

शेवटी तिने सीझरपासून झालेल्या मुलाला, सीझेरियनला, भारताच्या वाटेने पाठवलं. पण त्याला फसवून परत बोलावलं गेलं आणि ठार मारलं. इ.स.पू. ३० मध्ये, ३९ व्या वर्षी, तिने स्वतःचं जीवन संपवलं. इजिप्त रोमचा प्रांत झाला.

मित्रांनो, तिची गोष्ट जिंकलेल्यांनी सांगितली. तिला मोहिनी ठरवलं की त्यांचा विजय अधिकच शोभून दिसत होता. म्हणून यापुढे कुणी क्लिओपात्राच्या रूपाचा विषय काढला, तर तिच्या २१ वर्षांच्या कारभाराबद्दलही जरूर विचारा!