काचेची नळी आणि रक्ताची पारदर्शक किनार

अपघातात बरेच रक्त गेलेला रुग्ण तातडीच्या विभागात आला, की त्याच्या शिरेत जाड आणि आखूड कॅन्युला घालतात. तान्ह्या बाळाच्या श्वासमार्गाला जराशी सूज आली तरी त्याला धाप लागते. तेवढीच सूज मोठ्या माणसाला जाणवतही नाही. बारीक धमन्या किंचित सैल करणाऱ्या गोळीने रक्तदाब चांगलाच उतरतो. या तिन्ही गोष्टींमागे ढोबळमानाने एकच गणित आहे. वैद्यकाचे विद्यार्थी ते पहिल्या वर्षी ‘पॉइझुईलचा नियम’ म्हणून पाठ करतात आणि परीक्षा संपली की बहुधा विसरतात. ज्यांच्या नावाचा उच्चार आपल्याकडे असा होतो, ते ज्याँ लेओनार मारी प्वाझय हे पॅरिसचे डॉक्टर. रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या आजच्या नखाएवढ्या चिपचा विषय निघाला, की गोष्ट त्यांच्यापर्यंत मागे जाते.

प्वाझय यांचा जन्म पॅरिसमध्ये 22 एप्रिल 1797 रोजी झाला. वडील सुतार होते. मुलगा गणितात हुशार निघाला आणि 1815 मध्ये एकोल पॉलिटेक्निक या नामवंत संस्थेत दाखल झाला. अ‍ॅम्पिअर, अरागो, कोशी अशी मंडळी तेव्हा तिथे शिकवत होती. पण नेपोलियनचा पाडाव नुकताच झाला होता, राजघराणे परत गादीवर आले होते आणि या संस्थेतल्या विद्यार्थ्यांवर नव्या सरकारचा विश्वास नव्हता. एप्रिल 1816 मध्ये सगळ्याच विद्यार्थ्यांना घरी पाठवण्यात आले. प्वाझय पुन्हा तिथे गेले नाहीत. ते वैद्यकाकडे वळले. मात्र त्या थोड्या महिन्यांत मोजमापाची जी शिस्त अंगी लागली, ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

1828 मध्ये त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता हृदयाचा जोर. त्याआधी जवळपास शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली होती आणि रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढलेले पाहिले होते. एवढी उंच नळी घेऊन बारकाईने मोजणे कठीणच. शिवाय नळीत रक्त गोठते. प्वाझय यांनी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली नळी घेतली आणि तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे फुटांचे काम मिलिमीटरवर आले. रक्त गोठू नये म्हणून जोडनळीत त्यांनी पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरले. आजही रक्तदाब लिहिताना आपण पाऱ्याचे मिलिमीटर लिहितो. मोजणारे यंत्र इलेक्ट्रॉनिक झाले तरी एकक तेच राहिले आहे.

या उपकरणाने त्यांनी कुत्र्यांच्या लहानमोठ्या धमन्यांमधला दाब मोजला. हृदयापासून दूर जाऊ तसा दाब कमी होत जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण सुमारे 2 मिलिमीटर जाडीच्या धमनीतही दाब जवळजवळ मोठ्या धमनीएवढाच निघाला. शिरांमध्ये मात्र तो फारच थोडा असतो. मग मधल्या मध्ये दाब उतरतो कुठे? उत्तर उघड होते. तो 2 मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या वाहिन्यांमध्ये उतरत असला पाहिजे आणि तिथपर्यंत पाऱ्याची नळी पोहोचत नव्हती. पुढची पंधरा-वीस वर्षे प्वाझय यांनी या प्रश्नाची पाठ सोडली नाही.

नळी पोहोचत नाही तर डोळ्याने पाहायचे, असे त्यांनी ठरवले. बेडकाच्या आतड्यांना धरून ठेवणारा पडदा इतका पातळ असतो, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले रक्त वाहताना दिसते. केशवाहिन्या स्वतःच रक्त ओढतात किंवा रक्तकण आपल्याच शक्तीने धावतात, असे तेव्हा काही जण मानत. प्वाझय यांना तसे काही आढळले नाही. रक्ताला ढकलण्याचे मुख्य काम हृदयाचेच होते. पण पाहता पाहता त्यांच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली. तांबड्या पेशी वाहिनीच्या मधोमध वेगाने जात होत्या आणि भिंतीलगत एक स्वच्छ, पारदर्शक किनार उरत होती. त्या किनारीत तांबड्या पेशी जवळपास नव्हत्याच. होता तो नुसता रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, आणि तोही जणू थांबलेला. एखादी पांढरी पेशी तिथे भिंतीला लागून रेंगाळताना दिसे. नदीचे पाणी मध्यावर जोरात आणि काठाशी संथ असते, तसेच हे. फरक एवढाच, की इथे प्रवाहात तरंगणाऱ्या वस्तूंनीही आपापल्या जागा निवडल्या होत्या.

हे दृश्य त्यांनी नोंदवून ठेवले. मात्र त्याचे गणित त्या वेळी मांडता येण्यासारखे नव्हते. वाहिन्या लवचीक, फाटे फुटलेल्या. रक्त गोठणारे, पेशींनी भरलेले. बेडूक जिवंत, त्याचे हृदय कधी जलद तर कधी मंद. एकाच वेळी दहा गोष्टी बदलत असतील तर कशामुळे काय झाले हे सांगता येत नाही. म्हणून प्वाझय यांनी रक्त बाजूला ठेवले आणि गाळलेले, ऊर्ध्वपातित पाणी घेतले. वाहिनीच्या जागी काचेची बारीक नळी घेतली.

या नळ्यांच्या भोकाचा व्यास 0.015 ते 0.6 मिलिमीटर होता. त्यातली सर्वांत बारीक नळी केसापेक्षाही कितीतरी अरुंद होती. नळीला काचेचा एक फुगा जोडलेला असे आणि त्याच्यावर दोन खुणा. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंतचे पाणी नळीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो, एवढेच मोजायचे. नळी पाण्यात बुडवून तापमान कायम ठेवायचे आणि दाबलेल्या हवेने ठरावीक दाब द्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लांबीचा परिणाम पाहायचा तर तीच नळी तुकडे कापून आखूड करत न्यायची. व्यास मोजताना तर आणखी कसोटी, कारण काचेचे भोक पुरते गोल नसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची मापे दोन दिशांनी घ्यायची.

या काटेकोरपणाचे फळ त्यांना मिळाले. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो आणि नळी दुप्पट लांब केली की तो निम्मा होतो. इथपर्यंत चकित होण्यासारखे काही नाही. पण व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा नव्हे, पाव नव्हे, सोळावा हिस्साच उरतो. गणिताच्या भाषेत, प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास मोजताना एक टक्क्याची चूक झाली, तर प्रवाहाच्या हिशेबात चार टक्क्यांची होते. ढिलाईने मोजणाऱ्याला हा नियम सापडलाच नसता.

वैद्यकात याचा अर्थ मोठा आहे. बारीक धमनीचा व्यास 16 टक्क्यांनी आकसला तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होतो. 19 टक्क्यांनी वाढला तर दुप्पट होतो. शरीर रक्ताची वाटणी करते ते याच्याच जोरावर. जेवण झाले की आतड्यांकडे, धावायला लागलो की पायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जाते, ते त्या त्या ठिकाणच्या बारीक धमन्या थोड्याशा सैलावल्यामुळे. 1828 च्या प्रबंधातल्या कोड्याचा उलगडाही इथेच होतो. मोठ्या धमन्या प्रवाहाला फारसा अडथळा करत नाहीत. दाब खर्ची पडतो तो मुख्यतः त्या बारीक धमन्यांमध्ये. उच्च रक्तदाबाची अनेक औषधे नेमकी तिथेच काम करतात.

प्वाझय यांनी आपले निष्कर्ष 1839 मध्ये मोहोरबंद पाकिटात फ्रेंच विज्ञान अकादमीकडे ठेवले आणि 1840-41 मध्ये टप्प्याटप्प्याने जाहीर केले. अकादमीने ते तपासण्यासाठी समिती नेमली. तिच्यात अरागो आणि रेन्यो यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. समितीने काही प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि 1842 मध्ये अनुकूल अहवाल दिला. संपूर्ण लेख 1846 मध्ये छापला गेला. दरम्यान जर्मनीतले अभियंते गॉटहिल्फ हागेन यांनीही पितळी नळ्यांवर प्रयोग करून 1839 मध्ये असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. म्हणून आज काही पुस्तकांत दोघांची नावे जोडून घेतात. हा नियम सिद्धांतातून सिद्ध करून दाखवण्याचे काम पुढे इतरांनी केले. प्वाझय यांच्याकडे होते ते केवळ मोजमाप, आणि ते इतके नेमके होते की सिद्धांताला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

1842 मध्ये त्यांना वैद्यक अकादमीचे सदस्यत्व मिळाले. विज्ञान अकादमीत निवडून येण्याचे प्रयत्न मात्र कधीच फळाला आले नाहीत. विद्यापीठात मोठे अध्यापकपदही वाट्याला आले नाही. उतारवयात ते पॅरिस परिसरातल्या शाळांच्या आरोग्य-स्वच्छतेचे निरीक्षक झाले. 26 डिसेंबर 1869 रोजी पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. 1913 मध्ये द्रवाचा दाटपणा मोजण्याच्या एककाला त्यांच्या नावावरून ‘पॉइज’ हे नाव सुचवण्यात आले. साध्या पाण्याचा दाटपणा या एककाच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढा असतो.

आता त्या पारदर्शक किनारीकडे वळू. प्वाझय यांचा नियम पाण्यासारख्या एकजिनसी द्रवासाठी आहे. रक्त तसे नाही. 1931 मध्ये स्वीडनचे रॉबिन फोरेउस आणि त्यांचे सहकारी लिंडक्विस्ट यांनी दाखवले, की सुमारे 0.3 मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त अपेक्षेपेक्षा पातळ असल्यासारखे वागते. रक्ताच्या ‘ईएसआर’ तपासणीच्या इतिहासातही हेच फोरेउस भेटतात. या पातळपणाचे कारण बेडकाच्या पडद्यात दिसलेलेच होते. पेशी मध्यावर सरकतात आणि भिंतीलगतचा प्लाझ्मा वंगणासारखे काम करतो. 1961 मध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग या शास्त्रज्ञांनी नळीतून प्लास्टिकचे बारीक मणी सोडले. वाहता वाहता ते मणी मध्य आणि भिंत यांच्या दरम्यान एका ठरावीक कड्यात येऊन रांगेला लागले. कोणी ढकलले नाही, कुठे चाळणी लावली नाही. प्रवाहाच्या जोरानेच प्रत्येकाची जागा ठरली.

चिपवर पेशींची वर्गवारी करण्याचे एक तंत्र याच पायावर उभे आहे. काच किंवा रबरासारख्या पदार्थात केसाएवढे अरुंद मार्ग कोरतात आणि त्यांतून पातळ केलेले रक्त सोडतात. मोठ्या पेशी एका रेषेत येतात, लहान दुसऱ्या. पुढे मार्गाला फाटे असतात आणि प्रत्येक रांग आपापल्या फाट्याने बाहेर पडते. भिंतीलगतच्या किनारीतून आडवा फाटा काढला तर बराचसा स्वच्छ प्लाझ्मा वेगळा मिळतो. एरवी त्यासाठी रक्त यंत्रात गरगर फिरवावे लागते.

या खटाटोपामागे मोठी आशा आहे. कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी सुटून रक्तात येतात. एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे 500 कोटी आणि पांढऱ्या पेशी काही लाखांपासून कोटीपर्यंत. त्यांच्या गर्दीत या भटक्या पेशी अनेकदा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. त्या बऱ्याचदा इतर पेशींपेक्षा आकाराने मोठ्या असतात, म्हणून प्रवाहात त्यांची रांग वेगळी लागू शकते. त्या हाती आल्या तर गाठीचे स्वरूप आणि औषधाचा परिणाम रक्ताच्या नमुन्यावरून समजण्याची वाट मोकळी होते. मात्र सगळ्याच कर्करोगपेशी मोठ्या नसतात आणि अशा चाचण्यांनी अजून तुकड्याच्या तपासणीची, म्हणजे बायॉप्सीची, जागा घेतलेली नाही. डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली असेल तर रक्ताच्या चाचणीच्या भरवशावर ती पुढे ढकलू नये.

चिप बनवणाऱ्यांना प्वाझय यांचा चौथा घातही चुकवता येत नाही. त्यांचे मार्ग बहुधा चौकोनी असल्याने सूत्र थोडे बदलते, पण सक्ती तीच. मार्ग सर्व बाजूंनी निम्मा अरुंद केला, की तेवढाच प्रवाह ठेवायला सोळापट दाब लागतो आणि चिपचे सांधे उसवू लागतात. त्यावर एक उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक मार्ग शेजारी शेजारी कोरायचे. शरीरानेही हेच केलेले आहे. एकेक केशवाहिनी अतिशय अरुंद, पण त्या अब्जावधी असल्यामुळे रक्त अडत नाही. पाण्यावर काम करता यावे म्हणून ज्या पेशी प्वाझय यांनी प्रयोगातून वगळल्या, त्याच पेशी आज त्यांच्याच नियमाच्या मदतीने एकेक करून निवडल्या जात आहेत.