गिल्बर्टची सुई आणि आपलं लोणार

तुमच्या फोनमधला कंपास मॅग्नेटोमीटर नावाच्या सेन्सरवर चालतो. पुण्यात बसून लोणारबद्दल वाचताना मला त्याचा एक जुना भाऊबंद सापडला.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (१८४३–१९१८) हा अमेरिकेचा नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ. १८९१ मध्ये तो ॲरिझोनातल्या एका प्रचंड विवराकडे गेला. उल्का पडली असेल तर खाली लोखंडाचा ढीग हवा आणि चुंबकसुई हलायला हवी, असा त्याचा हिशेब. सुई ढिम्म! मग त्याने ठरवलं, हा ज्वालामुखीच्या वाफेचा स्फोट. १८९६ च्या लेखात त्याने लोणारही त्याच रांगेत बसवलं. गंमत म्हणजे, चंद्रावरची विवरं आघातानेच झाली हे त्यानेच १८९३ मध्ये मांडलं होतं!

चुकलं कुठे? एवढी मोठी उल्का प्रचंड वेगाने आदळते, तेव्हा तिचा बराचसा भाग वितळतो, वाफ होऊन उडतो. ढीग उरतच नाही. उरतात त्या आघाताच्या खुणा. लोणारच्या बेसॉल्टमध्ये मॅस्केलिनाइट, म्हणजे धक्क्याने काच झालेलं खनिज, सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीची बाजू पडली.

तरी मला गिल्बर्ट आवडतो. उल्केची कल्पना त्याला भावली होती, पण मोजमाप विरोधात गेल्यावर त्याने ती सोडली. आकडे मात्र सगळे मांडून ठेवले.