गोखल्यांचे अंकगणित

मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात हिंदुस्थान सरकारचा अर्थसंकल्प चर्चेस आला, तेव्हा त्यात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. सरकारपक्ष समाधानात होता. पुण्याहून नव्यानेच निवडून आलेल्या पस्तिशीच्या एका प्राध्यापकाने मात्र या समाधानात सहभागी होण्यास नम्रपणे नकार दिला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे ते तेथील पहिले अर्थसंकल्पीय भाषण होते.

त्यांचा युक्तिवाद आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविण्याजोगा आहे. रुपयाचा विनिमय दर घसरला होता त्या काळात, विलायतेत भरावयाच्या देण्यांसाठी म्हणून कर वाढविण्यात आले. पुढे रुपया सावरला, देण्यांचा बोजा हलका झाला. कर मात्र तसेच राहिले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी रयत पिळून निघाली असता खजिन्यात पैसा साचत होता, याचे कारण समृद्धी नव्हे, तर गरजेपेक्षा अधिक करवसुली हे होते. शिल्लक कोणाच्या ताटातून आली, हा त्यांचा प्रश्न होता. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता; तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. या कपातीमागे गोखल्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने मांडलेली आकडेवारी होती.

ही आकडेवारी त्यांना निव्वळ पुस्तकांतून सुचली नसावी. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या या मुलाचे वडील लवकर वारले. थोरल्या भावाने पंधरा रुपयांच्या पगारातून महिना आठ रुपये पाठवून त्यांचे शिक्षण केले. राहिलेल्या सात रुपयांत भावाचा संसार कसा चालत असेल, हा हिशेब त्या मुलाने केलाच असणार. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन त्यांनी पंचाहत्तर रुपये वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ शाळांतून चालले.

१८९७ साली पुण्यातील प्लेगबंदोबस्तातील अत्याचारांविषयीच्या तक्रारी त्यांनी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केल्या. पुरावा देता येईना तेव्हा जाहीर माफी मागितली. पुण्याने त्यांना भ्याड ठरविले. टिळकपक्षाचा राग समजण्याजोगा होता, परंतु सिद्ध करता न येणारे विधान मागे घेणे याला भ्याडपणा म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

आपण कोण, या प्रश्नाला गोखल्यांचे उत्तर काय होते, हे पाहावयाचे तर १९०३ सालच्या धारवाडच्या सामाजिक परिषदेतील त्यांचे भाषण पाहावे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीने आपण संतापतो. मग आपल्याच गावातील महाराला आपण काय वागणूक देतो, असा प्रश्न त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी पूर्वी श्रोत्यांना केला होता, त्याची त्यांनी तेथे आठवण दिली. धर्मांतर करून कोट घातलेल्याशी हस्तांदोलन, आणि तोच मनुष्य हिंदू असेतो त्याची सावलीही नको, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. दोन वर्षांनी भारत सेवक समाज स्थापन करताना सभासदांना ज्या सात शपथा घ्यावयास लावल्या, त्यांतील एक जातिधर्मनिरपेक्ष बंधुभावाची होती. चित्पावन, कोकणस्थ, पुणेकर, नेमस्त ही सारी बिरुदे त्यांना लोकांनी चिकटविली. त्यांनी स्वतः त्यांचे भांडवल केले नाही.

१९११ साली त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक किती सौम्य होते! सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, तेही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची अनुमती असेल तेथेच सक्ती. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्यांना फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारचा. मुलींचा विचार पुढे ढकलला होता, ही त्यातील मोठी उणीव. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, आणि विरोधकांत काही हिंदी सभासदही होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले निवर्तले.

स्वतंत्र भारताच्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपविला. शिक्षणहक्काचा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, असे १९६८, १९८६ व २०२० या तिन्ही धोरणांनी सांगितले; ते एकदाही गाठले गेले नाही. याच काळात आपल्या सार्वजनिक जीवनात जात, पंथ, प्रांत यांच्या अस्मितांना केवढे उधाण आले! पुतळ्यांच्या उंचीवर मोर्चे निघतात, नामांतरावर सभागृहे बंद पडतात, आणि कोट्यवधी रुपयांच्या अनुदानमागण्या चर्चेवाचून संमत होतात. त्या दिवशी सभागृहात आपला प्रतिनिधी उपस्थित होता काय, एवढेसुद्धा मतदार विचारीत नाहीत. गोखले दरवर्षी सरकारी खात्यांचे आकडे रात्रंदिवस चाळून कलकत्त्यास जात, तेही त्या सभागृहात बहुमत कधीच आपल्या बाजूचे नसणार हे पक्के ठाऊक असताना.